दिनकर सबनीस यांची गणपूर्ती

दिनकर सबनीस छत्तीस वर्षं दिल्लीच्या एका मंत्रालयात होते आणि त्या छत्तीस वर्षांत विषय व संदर्भ घातल्याशिवाय त्यांनी एक ओळ लिहिली नाही. लग्न ठरल्यावर कुमुदिनीबाईंना पाठवलेल्या पहिल्या पत्रावरसुद्धा ‘विषय : आपली प्रकृती’ असं होतं म्हणतात. बाईंनी ते पत्र जपून ठेवलंय, त्यामुळे ‘म्हणतात’ हा शब्द मी नुसता शिष्टाचार म्हणून घातला.

ऑगस्ट २००५मध्ये ते सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडावं लागलं आणि नवराबायको यमुना ओलांडून गाझियाबादच्या वसुंधरेत, एका नव्या कोऱ्या सोसायटीच्या नवव्या मजल्यावर राहायला आले. सोसायटीचं नाव ऑर्किड हाइट्स. ऑर्किड तिथं कुणी कधी पाहिलं नव्हतं, हाइट मात्र भरपूर होती.

कुमुदिनीबाई पंधरा दिवसांत रुळल्या. शेजारच्या पंजाबणींच्या सत्संगात जाऊन बसल्या, पिन्नीचे लाडू शिकल्या, त्यांना श्रीखंड शिकवून आल्या. दिनकररावांना ते जमेना. ओळख करून घ्यायची तर अर्ज कुणाकडे करायचा, हेच त्यांना कळत नव्हतं. सरोजिनी नगरात कसं, पोह्यांना फोडणी पडली की जिन्यातनं दोन तरी माणसं वर यायची. इथं नवव्या मजल्यावर चहाला कुणी म्हणजे कुणी येत नसे. बाकी काही नको होतं हो त्या माणसाला. रविवारी चार माणसं घरी यावीत, चहा प्यावा, दोन तास वाद घालावा आणि उठून जावं, एवढंच.

दिवाळीला बंगलोरहून मुलगा आला, मानस. त्यानं बापाचं तोंड पाहिलं आणि जुना कॉम्प्युटर जोडून त्यावर एक ब्लॉग काढून दिला. “बाबा, इथं लिहा. लोक येतील.” दिनकररावांनी ते शब्दशः घेतलं आणि बायकोला चहाची पूड जास्त आणून ठेवायला सांगितली.

ब्लॉगचं नाव ठेवलं ‘यमुनेपलीकडून’. पहिलं पोस्ट आलं : ‘विषय : वसुंधरा व इंदिरापुरम परिसरात अळूची पाने उपलब्ध होण्याबाबत.’ दुसरं आलं : ‘विषय : वरीलप्रमाणेच. संदर्भ : आमचेच दि. ९ चे पोस्ट.’ एका बोटानं टाइप करत महिन्याभरात त्यांनी अकरा पोस्टं लिहिली. प्रत्येकाखाली ‘शून्य प्रतिक्रिया’ अशी पाटी. रोज सकाळी उठून, दात घासायच्या आधी, ते ती पाटी वाचून येत.

आता दुसरा कुणी असता तर रडला असता किंवा बंद करून गप्प बसला असता. पण हा सरकारी माणूस. त्यांनी प्रश्नाचा अभ्यास केला आणि दोष सापडला : कोरम नाही. गणपूर्तीच झालेली नाही, तर बैठक सुरू कशी होणार? उभ्या नोकरीत त्यांनी पाहिलं होतं, सभासद जमत नसले की कुणीतरी हजेरीपत्रकावर चार नावं आधी मांडतं, मग कारभार चालू लागतो आणि खरी माणसं यथावकाश येऊन बसतात. यात लबाडी आहे हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. ती पद्धतच होती.

त्यांनी सभासदाचं एक पद निर्माण केलं आणि त्यावर भालचंद्र घारपुरे यांची नेमणूक केली. नेमणूक म्हटली की सेवापुस्तिका आली. दोनशे पानी वही घेतली, तिला खाकी कव्हर घातलं, आणि पहिल्या पानावर जन्मतारीख, मूळ गाव वाई, विधुर, उजवा गुडघा अधू, चहाला साखर दोन चमचे, असं रीतसर लिहून काढलं. पत्ता दिला दिल्लीतल्या हिंदूराव रुग्णालयाजवळचा. तिकडे टेकडीवर आपल्या ओळखीचं एकही मराठी घर नाही, तेव्हा पडताळायला कुणी जाणार नाही, हा एक हिशोब. शिवाय नाव कसं भारदस्त. स्वभाव या रकान्यात त्यांनी थोडा विचार करून लिहिलं : ताठ. कारण आपणच नेमलेला माणूस आपल्याच ‘हो’ला ‘हो’ म्हणू लागला, तर लोकांना संशय येईल.

घारपुरे रुजू झाले त्याच दिवशी अळूच्या पोस्टाखाली त्यांनी लिहिलं, “अळू बाजारात शोधतात होय? नाला बघा, काठानं उगवलेला असतो. छत्तीस वर्षं दिल्लीत काढून हा माणूस शिकला काय?” ना विषय, ना संदर्भ. दिनकररावांनी ते वाचलं आणि त्यांना राग आला. मग आपणच लिहिलंय हे आठवून बरंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी पहिली खरी प्रतिक्रिया उमटली. बळवंत भिंगारदिवे, मूळचे अहमदनगरचे, रेल्वेतून निवृत्त, राहणार पटपडगंज. दिनकरराव स्वयंपाकघरात धावले. “अगं, आला! माणूस आला!” बाई हात पुसत येऊन वाचू लागल्या. भिंगारदिव्यांनी लिहिलं होतं, “घारपुरेसाहेबांशी शंभर टक्के सहमत.”

तिथून जी रांग लागली ती थांबेना. द्वारका, नोएडा, गुडगाव, फरिदाबाद, जिथं जिथं शेतं जाऊन टॉवर उभे राहिले होते तिथून तिथून एकटीदुकटी मराठी माणसं उगवली आणि सगळी घारपुरेंशी सहमत झाली. गुडगावातली तनया तर इथंच जन्मलेली, निम्मे शब्द तिला कळायचे नाहीत. तीसुद्धा लिहायची, “घारपुरे काका, यू आर टू गुड यार. सबनीस अंकलचं पण पोस्ट छान.” त्या ‘पण’वर दिनकरराव दोन दिवस जेवले नाहीत नीट. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

एकदा घारपुरेंनी सहज लिहिलं की थंडीत गुडघा धरतो. बावीस जणांनी तेलं सुचवली. त्याच आठवड्यात दिनकररावांचं खरंखुरं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेही त्यांनी ‘विषय : डावा डोळा’ म्हणून कळवलं. दोन प्रतिक्रिया आल्या, त्यातली एक घारपुरेंची. मग मात्र त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी स्वतःच्या नावानं लिहिलं, “श्री. घारपुरे यांनी आपले ज्ञान व आपला गुडघा यापुढे आपल्यापाशीच ठेवावा.”

गहजब झाला. तनयानं लिहिलं, “अंकल, दॅट वॉज नॉट नाइस.” भिंगारदिवे म्हणाले, बिनशर्त माफी मागा, नाहीतर आम्ही चाललो. आपलेच दात, आपलेच ओठ! दिनकररावांनी जाहीर माफीचा मसुदा तीनदा खोडून चौथ्यांदा टाकला. आता घारपुरेंनी ‘ठीक आहे’ म्हटलं की मिटलं असतं. पण एक दिवस गेला, दोन गेले, घारपुरे काही बोलेनात. दिनकरराव घरात येरझारा घालत होते.

“अहो, करून टाका ना माफ,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “तुमच्याच हातात आहे.”

“माझ्या हातात असतं तर केलं नसतं का?” दिनकरराव म्हणाले. “तो असा लगेच विरघळणारा माणूस नाही. सेवापुस्तिकेत आहे तसं.”

चौथ्या दिवशी घारपुरेंनी एका ओळीत माफ केलं आणि दिनकरराव इतके मोकळे झाले की त्यांनी संध्याकाळी घरी जिलबी आणली. कुमुदिनीबाईंनी जिलबी खाल्ली आणि कपाळाला हात लावला. एवढं सगळं होऊनही घरी चहाला कुणी येत नव्हतंच. लोक ब्लॉगवर येत, घारपुरेंना नमस्कार करून परत जात.

म्हणून डिसेंबरात दिनकररावांनी परिपत्रक काढलं. चौदा जानेवारीला संक्रांत, शिवाय पानिपतचा दिवस, आणि २००७ साली नेमका रविवार. बसनं पानिपतजवळच्या काला अंबला जावं, स्मारकाशी दोन फुलं वाहावीत, तिळगूळ वाटावा, एकमेकांची तोंडं बघावीत. एकदा तोंडओळख झाली की पुढचं पाऊल घरी, असा त्यांचा मनातला बेत होता. परिपत्रकाखाली चौतीस प्रतिक्रिया आल्या. चौतिसांतही प्रश्न एकच : घारपुरे येणार का?

“आजारी पाडा त्यांना,” कुमुदिनीबाईंनी सुचवलं.

घारपुरेंनी गुडघ्याचं कारण सांगितलं. तासाभरात भिंगारदिव्यांचं उत्तर आलं : बस आपल्या दारात आणू.

“मग मारून टाका एकदाचं.”

“आणि मग ती चौतीस माणसं कुणाच्या दारात रडायला जातील?” दिनकरराव म्हणाले. गेल्या वर्षभरात घारपुरेंइतका बोलायला दुसरा कुणी त्यांना मिळालाच नव्हता.

शेवटी घारपुरेंनी एक शब्द लिहिला : “बघू.” कुठल्याही मराठी घरात ‘बघू’ म्हणजे नाही. पण एवढ्या ताठ माणसाचा ‘बघू’ म्हणजे होकारच, असं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं आणि ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली. निघायच्या दिवशी तनयानं त्या सीटवर घडी घालून शाल ठेवली.

चौदा तारखेला सकाळी साडेसहाला कोपर्निकस मार्गावर, महाराष्ट्र सदनासमोर, माणसं जमली. धुकं असं की बसचा नंबर हातानं चाचपून बघावा. कानटोप्या, मफलर, थर्मास. भिंगारदिवे दिसायला सहा फुटी निघाले, तनया चष्मेवाली. सगळे एकमेकांना ओळखून घेत होते, हसत होते आणि बस भरली तसा दिनकररावांचा जीव वरखाली होऊ लागला. ही सगळी माणसं आपण जमवली, हे सुख एका बाजूला. दुसऱ्या बाजूला बस हिंदूरावच्या दिशेनं वळली होती.

टेकडीवरच्या वळणाला बस थांबली. सात वाजले, सव्वासात झाले. भिंगारदिवे रुग्णालयाच्या फाटकावर चौकशी करून आले. तनया धुक्यात उभी राहून “घारपुरे काकाऽऽ” म्हणून हाका मारत होती. एक बाई आपल्या थर्मासमधला चहा त्यांच्यासाठी राखून बसल्या होत्या, स्वतः एक घोट घेईनात. साडेसातला भिंगारदिवे म्हणाले, म्हातारा एकटा राहतो, पडलाबिडला तर नसेल? आणि बसमधल्या बायकांचे चेहरे उतरले. एका बाईंनी तर डोळ्यांना पदर लावला.

ते मात्र दिनकररावांना बघवेना. ते उठून ड्रायव्हरपाशी उभे राहिले. “घारपुरे नाहीत,” ते म्हणाले.

“अरे देवा! कधी?” मागून कुणीतरी ओरडलं.

“तसं नव्हे. कधी नव्हतेच ते. कोरमसाठी म्हणून मीच... ते मीच लिहितो.”

मग भिंगारदिवे सावकाश पुढं आले. “सबनीससाहेब, आपण दोघंही सर्व्हिस केलेली माणसं. स्पष्ट बोलतो. एवढा मत्सर बरा नव्हे.”

“मत्सर? अहो, हा पुरावा!” दिनकररावांनी पिशवीतून खाकी कव्हरची वही काढली. भिंगारदिव्यांनी ती चाळली. गुडघा, साखर दोन चमचे, रागावल्याच्या तारखा. त्यांचा चेहरा आणखी कठोर झाला. “तुम्ही त्या बिचाऱ्यावर पाळत ठेवून आहात?” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

“अंकल, आम्ही तुमचं पण वाचतो ना,” तनया समजुतीच्या सुरात म्हणाली. “तुम्हाला घारपुरे काकांसारखं लिहिता आलं असतं तर तुम्ही तसंच नसतं का लिहिलं?”

ते बोलणं दिनकररावांना लागलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. “कुमुद, तू सांग ना यांना.”

चौतीस चेहरे कुमुदिनीबाईंकडे वळले. बाईंनी मांडीवरचा तिळगुळाचा डबा घट्ट धरला. “मी बाई त्या कॉम्प्युटरकडे फिरकत नाही,” त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

ड्रायव्हर वैतागला होता. “बाऊजी, चलना है कि नहीं? धूप निकली तो करनाल रोड पे जाम लग जाएगा.” घाईघाईत सभा झाली, या वेळी कोरम अगदी भरपूर होता, आणि असं ठरलं की कुणीतरी इथं थांबावं आणि घारपुरे आले की दुसऱ्या गाडीनं त्यांना घेऊन यावं. कुणी थांबावं हाही प्रश्न नव्हता. “भांडण तुमचं आहे सबनीससाहेब,” भिंगारदिवे म्हणाले. “समोरासमोर मिटवा.” दिनकरराव उतरले. कुमुदिनीबाईही उठल्या होत्या, पण तिळगूळ आणि वाहायच्या फुलांच्या पुड्या त्यांच्याकडे. खिडकीतून त्यांनी तीन लाडू नवऱ्याच्या हातावर ठेवले आणि हळूच म्हणाल्या, “मी हो म्हटलं असतं तर ही बस इथनंच माघारी वळली असती. पहिल्यांदा जमलीयत इतकी माणसं, तुमच्यामुळं. जाऊ द्या त्यांना.”

ब्लॉग ज्याचा, बैठक ज्यानं बोलावली, तो एकटा, घारपुरेंसाठी ठेवलेली ती शाल घेऊन, धुक्यात उभा राहिला आणि त्याची सगळी माणसं पानिपतला निघून गेली. सरळ उठून घरी जाता आलं असतं. पण थांबायला सांगितलं होतं आणि थांबण्याचा आदेश रद्द झालेला नव्हता, म्हणून ते थांबले. साडेआठला पाय बधिर झाले. नऊला ते रस्त्याच्या वरच्या बाजूला मान उंच करून बघू लागले. साडेनऊला त्यांना खरोखरीचा संताप आला. यायचं नव्हतं तर कळवायचं तरी! एवढ्या थंडीत माणूस ताटकळत ठेवतात? मग आपण कुणावर संतापलोय हे लक्षात आलं आणि ते कट्ट्यावर बसून तिन्ही लाडू खाऊन घरी परतले.

दुपारी त्यांनी कॉम्प्युटर लावला. घारपुरेंकडून माफी मागवायची होती, पण घारपुरे माफी मागेनात. एक बोट कितीतरी वेळ हवेतच राहिलं. मग जे उमटलं ते असं होतं :

“मी आलो होतो. बस गेली होती. वळणावरूनच पाहिलं, सबनीस मफलर गुंडाळून उभा होता. वर्षभर ज्याला टोचून बोललो, तो गारठ्यात माझी वाट बघतोय. पुढं जायला मला तोंड नव्हतं. माझ्यासाठी असं कुणी कधी थांबलं नव्हतं. तुम्ही सगळे मला भेटायला निघालात, पत्ता चुकलात. वसुंधरेत नवव्या मजल्यावर हा माणूस राहतो. सव्वा वर्षात त्याच्याकडे चहाला कुणी गेलेलं नाही. त्याला ते सांगता येत नाही, कारण त्याचा विषय काय घालायचा हे त्याला कळत नाही. येत्या रविवारी जा. मीही जाईन.”

लिहून झाल्यावर दिनकररावांनी ते वाचलं. मग चष्मा काढून पुन्हा वाचायला गेले आणि अर्थातच काही दिसेना. आपल्याबद्दल इतकं चांगलं कुणी कधी लिहिलं नव्हतं. ते रडले, अगदी हुंदके देऊन. संध्याकाळी परतलेल्या कुमुदिनीबाईंनी ते पोस्ट उभ्यानंच वाचून काढलं आणि नाक ओढत म्हणाल्या, “सगळं ठीक. ‘मीही जाईन’ कशाला लिहिलंत?”

“ओघात आलं,” दिनकरराव म्हणाले.

रविवारी लिफ्टनं पाच फेऱ्या मारल्या. चौतिसांतले एकोणतीस आले. शेजारच्या पंजाबणींनी खुर्च्या दिल्या, सतरंजी दिली, तरी निम्मे उभेच. तनयानं येताच वाकून नमस्कार केला. भिंगारदिव्यांनी दिनकररावांना कवेत घेतलं ते सोडेनात. पोह्यांचा वास जिन्यात आठव्या मजल्यापर्यंत पोचला होता. आणि मग, व्हायचं तेच झालं. भिंगारदिव्यांनी खोलीवरून नजर फिरवली आणि विचारलं, “घारपुरे आले नाहीत अजून?”

सगळ्यांनी दिनकररावांकडे पाहिलं. एकदा खरं बोलून बघितलं होतं, समोरासमोर खोटं बोलायची सवय नव्हती, ते नुसतेच उभे राहिले.

स्वयंपाकघराचा पडदा सरकला. कुमुदिनीबाई बाहेर आल्या. हातात एक कप, अर्धा प्यालेला, बशीत चहा सांडलेला. तो त्यांनी मधल्या टेबलावर सगळ्यांना दिसेलसा ठेवला.

“आत्ताच गेले बघा,” त्या म्हणाल्या. “लिफ्टमध्ये भेटले नाहीत? चहासुद्धा अर्धा टाकून उठले. म्हणाले, साखर कमी आहे.”

“अगदी घारपुरे!” भिंगारदिवे मांडीवर थाप मारत म्हणाले, आणि सगळी खोली हसली.

दिनकरराव त्या कपाकडे बघत होते. मग बायकोकडे बघत ते म्हणाले, “साखर बरोबर होती.” आणि तिथून जो वाद सुरू झाला तो दोन तास चालला.